इंग्रजी आठ

मोटार जळाली की लोक माझ्याकडे येतात.
जुनी कॉइल उचकटायची, तांबं तोलायचं,
नवे वेढे मोजायचे तोंडातल्या तोंडात.
मध्येच कोणी बोललं तर पुन्हा एकपासून.
असा माणूस मायक्रोफोन करायला बसला
तर खैरीच्या लोकांनी हसावंच.

चुंबकं निघाली तहसीलच्या भंगारातल्या हार्डडिस्कमधून.
फितीसाठी आधी मिठाईवरचा वर्ख आणला.
चिमट्यात येईपर्यंत तो बोटालाच लागला.
बोट मुलीनं चाटून टाकलं.
मग एका मेलेल्या कपॅसिटरचं पोट फाडलं,
आत ॲल्युमिनियमचा पापुद्रा,
कांद्याच्या सगळ्यात आतल्या सालीसारखा.
गजराच्या घड्याळातली दोन दातेरी चाकं जुळवून
त्यातून ओढला, बारीक बारीक चुण्या पडल्या,
जणू एखाद्या मुंगीला नऊवारी नेसवायची आहे.

पहिली फीत मीच मारली.
चुंबकांच्या फटीत नीट बसली
आणि मी सवयीनं धूळ फुंकली.
दुसरी पंख्यानं गेली.
तिसरीपासून घरात दार आपटायला बंदी.
शालू म्हणाली,
पाळणा होता घरात,
तवा नाही इतकं हळू चालाले लावलं तुमी.

आवाज यायचा, पण विहिरीच्या तळातून.
तीन हॉर्सपॉवरला वेढे देणाऱ्या हातांनी
केसाएवढ्या तारेचे दोन हजार वेढे दिले,
एकदा चौदाशेला चुकलो.
शेतीची थ्री-फेज रात्री बाराला यायची
आणि हेडफोनमध्ये अख्खा शिवार घुमायचा.
डबा जरासा वळवला की घुमणं कमी,
आणखी जरासा, की गायब.
त्या रात्री मी उगाच
तासभर त्याला गोल गोल फिरवत बसलो.

दौलत नंदेश्वर किलारनेट घेऊन आले
ते मे महिन्यातल्या दुपारी, पंखा बंद.
प्रकाश ब्रास बँड मोडून नऊ वर्षं झाली.
एका चावीला रबर बांधलेलं, समोरचे दात नवे.
मोबाइलवर त्यांनी आपला आवाज ऐकला होता,
म्हणाले, पत्र्यावर खिळा घासल्यावानी वाटते गड्या.
मी त्यांना डब्यापासून तीन हात लांब बसवलं.
घाम पुसून त्यांनी यमन काढला,
लग्नात कधीच कोणी पुरा ऐकून न घेतलेला.

मग ऐकायला बसलो.
सूर सावलीतल्या माठासारखे, गोल, जरा ओले.
दौलतकाका आपल्या हाताकडे बघत होते.
आणि मधूनच, त्याच सुरांच्या पोटात, शालू.

विसरलोच होतो.
हा माइक जसा पुढून ऐकतो तसाच मागून ऐकतो.
बाजूंना ठार बहिरा.
कागदावर त्याचं ऐकणं असं काढतात,
इंग्रजी आठ, दोन पोटांचा, दोन्हीकडून बंद.
आपला ८ नाही, तो एका अंगानं उघडा.

मागच्या खोलीत ती फोनवर होती, बहिणीशी.
त्या डब्ब्यापाशी बसून राह्यतेत.
नाही वं, भांडण कायचं.
बोलत नाहीत काही, पण घरात त असतेत.
मग गंधार आला, लांबलचक,
आणि त्याच्या शेवटी तिचं, हं.

मी कुठेच नव्हतो त्यात.
माझी खुर्ची बरोबर बाजूला होती,
जिथं खोकलो तरी काही उमटत नाही,
आणि खोकलो होतो, दोनदा.

दौलतकाका खिडकीबाहेर बघू लागले.
पुसून टाकू का, मी शालूला विचारलं.
काहून? त्याइचं चांगलं वाजलं न.

दुसऱ्या दिवशी फीत तीच, काकांची जागा तीच.
मी खुर्ची उचलली, ओढली नाही,
आणि मागे नेऊन ठेवली,
ती तुरीची डाळ निवडत होती तिथं.
फुंकर लागू नये म्हणून तोंड जरा वळवून
तिला म्हणालो, बोल काहीतरी.
काय बोलू, ती म्हणाली.
तोवर काकांनी लाल बटण दाबलं होतं.