मिनिटाला बत्तीस

रुम्फीच्या दवाखान्यात चौदा खाटा, एकवीस मुलं
आणि रात्रपाळीला मी, तिवोंगे, एकटी.
छातीवर टाचलेलं उलटं घड्याळ.
पंधरा सेकंद थेंब मोजायचे, चारनं गुणायचं,
तेवढ्यात सहाव्या खाटेवर कुणीतरी ओकायचं
आणि आकडा डोक्यातून सांडायचा.
पुन्हा एकपासून.

सतरा वर्षं.
झोपेतही मोजायचे.
नवरा हलवून म्हणायचा, छप्पर गळतंय की काय,
बेचाळीसपर्यंत पोचलीस.

मग फेब्रुवारीत तू आलास
पांढऱ्या फोमच्या खोक्यातून,
वाळत घातलेल्या कपड्याच्या चिमट्याएवढा.
बाटलीखालच्या थेंबनळीला दात लावून बसलास.
एका बाजूला उजेड, समोर डोळा,
मधून थेंब गेला की उजेड मोडतो
आणि तू हिशेबात धरतोस.
थेंब थांबला की बोंबलतोस, धावला की बोंबलतोस,
वीज गेली तरी बोंबलतोस, पोटातल्या बॅटरीवर.
पहारेकरी म्झुमारानं नाव ठेवलं तंबाला.
कोंबडा.
मी नाराज होते तुझ्यावर. सांगून टाकते.
माझ्या सतरा वर्षांची किंमत
एका चिमट्यात मावली म्हणून.

ती रात्र लुसुंगुची.
आठ महिने, आठ किलो,
टाळू खोल गेलेली, डोळे कोरडे.
तासाला बत्तीस मिली,
बारीक थेंबांच्या नळीतून मिनिटालाही बत्तीसच.
चाक फिरवून फिरवून तुझ्यावर बत्तीस आणले,
हिरवा दिवा लागला,
आणि मी कितीतरी महिन्यांनी
चहा गरम असताना प्यायले.

दोन वाजता कोपराला बोट लागलं.
न्यामुन्थाली, तिची आई.
बोलली नाही, नुसती बाजूला सरकली.

हात सिमाच्या गोळ्यासारखा फुगलेला,
गार, ताणून चकाकणारा,
बोटांमधल्या घड्या बुजून गेलेल्या.
सुई शिरेतून कधीच निसटली होती
आणि पाणी भरत होतं कातडीखाली,
शिस्तीत, न चुकता.
मी वर बघितलं.
बत्तीस. हिरवा.

तू खोटं बोलला नव्हतास, तंबाला.
थेंब पडले, तू पडताना पाहिलेस.
पडून कुठे गेले
हे तुला कुणी विचारलंच नव्हतं.
मलाही नव्हतं विचारलं, त्या चहापुरतं.

सुई काढली. हात आईच्या चितेंजेत उंच बांधला.
म्झुमारानं टॉर्च धरला, तोंड दुसरीकडे करून.
डावा हात, नाही. उजवा पाय, नाही.
डाव्या घोट्याशी एक निळी रेघ,
शाई संपत आलेल्या पेननं ओढावी तशी.
तिथे मिळाली.
लुसुंगु रडली. रडताना डोळ्यात पाणी आलं,
आणि ते पाणी बघून
मला भिंतीला टेकावं लागलं.

नंतर विचारलं, तुला कसं कळलं?
न्यामुन्थाली म्हणाली,
झोपेत ती माझं बोट धरते.
मुठीत यायचं थांबलं.

सकाळी वहीत लिहिलं:
वेग बत्तीस, शीर बदलली दोन वाजून दहा.
बोट धरण्याचा रकाना छापलेला नाही,
म्हणून समासात लिहिलं, तिरकं,
वरिष्ठांनी खाली प्रश्नचिन्ह काढलं.

आता फेरीला आधी हात बघते.
दाबून, उलटून, दुसऱ्या हाताशी ताडून.
मग तुझ्याकडे बघते.
मोजणं तुझ्यावर सोडलंय, मनापासून;
नवरा म्हणतो हल्ली गप्प झोपतेस.

चौथ्या दिवशी लुसुंगु पाठीवर बांधली गेली.
निघताना न्यामुन्थाली खाटेपाशी थांबली,
गुडघे वाकवले, दोन्ही हात जोडून टाळी दिली,
येवो, म्हणाली,
येवो चोमेने.
मी पदर सावरावा तसा एप्रन सावरला,
पुढे झाले,
तर ती बाटलीच्या खांबाकडे बघून म्हणत होती.

तू बंद होतास.
बॅटरी काढून मी चार्जिंगला लावली होती.