निव्वळ वजन

कुडचड्याबाहेर, तिळामळच्या वाटेवर
माझा काटा आहे.
माझा म्हणजे पात्रांवचा; मी नुसत्या पावत्या फाडतो.
साठ टनांपर्यंत काहीही आणा, सांगेन.
विसाच्या खालचं विचारू नका.
वीस किलो ही ह्या काट्याची सगळ्यात बारीक समज.
त्याहून हलकं काही वर येऊन उभं राहिलं
तरी तो शून्यच म्हणतो, लाल आकड्यात, न लाजता.

पूर्वी पहाटे चारला रांग लागायची
खनिजाच्या ट्रकांची, पार रेल्वे फाटकापर्यंत.
ड्रायव्हर उतरायचे नाहीत.
खिडकीतून हात, हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर तांबडा अंगठा.
भरलेलं. रिकामं. निव्वळ.
दिवसाला तीनशे वेळा लिहायचो हे तीन शब्द.
बायको म्हणायची, झोपेतही तुमची बोटं हलतात.
दोरीवर पांढरं म्हणून काही वाळायचं नाही तेव्हा
आणि आमची तक्रार नव्हती.
ज्यांच्या शेतात गाळ उतरला त्यांची होती.
ती आम्ही ऐकली नाही. तेही लिहून ठेवतो.

मग कागद आला.
कुणी म्हणे कोर्टाचा, कुणी म्हणे दिल्लीचा.
बार्जी धक्क्याला बांधल्या त्या बांधल्याच,
आणि पात्रांवने पगार अर्धा करताना
माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाताचं वजन कळलं.

समोर पिएदादचं दुकान. चहा, पाव-भाजी, टीव्ही.
बजेटच्या दिवशी ती आवाज मोठा करते.
लाख कोटी, म्हणतो आतला माणूस,
आणि पिएदाद उधारीच्या वहीत
कुणाचे तरी सतरा रुपये शोधत असते.
एकदा सिलिंडर घेऊन आली, हलका वाटतो म्हणून.
भरलेला ठेवला : वीस.
रिकामा ठेवला : शून्य.
हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.
“दिल्लीतलो काटोय असोच आसतलो, बाब.”

निवडणुकीत एक पांढरी गाडी
वळण घ्यायला माझ्या काट्यावर चढली.
सवयीने लिहिलं : दोन हजार सहाशे चाळीस.
बाजारात दीड तास भाषण झालं,
रोजगार, विकास, देश, पुन्हा देश.
परतताना गाडी तिथेच वळली.
दोन हजार सहाशे चाळीस.
निव्वळच्या रकान्यात मी शून्य घातलं
आणि खाली सही केली.

गेल्या मंगळवारी बेळगावचा भंगारवाला आला.
त्याच्या ट्रकवर, कापलेला, एक ट्रक.
फाळक्याच्या एका तुकड्यावर ‘देव’ होतं,
‘बरें करूं’ कुठेतरी खाली दबलेलं.
तरी ओळखला. कुष्टा वेळीपचा.
त्याचं रिकामं वजन मला अजून पाठ आहे,
नऊ हजार तीनशे वीस,
जशी एखाद्याला शाळासोबत्यांची हजेरी पाठ असते.

मागून कुष्टा आला, स्कूटरवरून, इस्त्रीच्या शर्टात.
बँकेत जायचं असेल नंतर.
भरलेलं, सोळा हजार चारशे ऐंशी.
भंगारवाल्याचं रिकामं, सात हजार नऊशे.
निव्वळ मी मोठ्याने वाचलं नाही. पावती पुढे सरकवली.
आठ हजार पाचशे ऐंशी.
“सातशे चाळीस कमी,” कुष्टा म्हणाला.
त्यालाही पाठ होतं.
मग स्वतःच बोटं मोडत गेला :
टायर आधीच विकले, बॅटरी गेली, सीट मांजरीने खाल्ली.
हिशोब लागला. लागला म्हणून जरा बरं वाटलं त्याला.

भंगारवाला निघून गेल्यावर
तो काट्यावरच उभा राहिला, पावती हातात.
आतल्या पेटीत लाल आकडा : साठ.
“वीस किलो इकडेतिकडे होत असतील ना?”
होतात, म्हटलं. काटाच तसा आहे,
खात्याचा शिक्का ह्याच वर्षीचा आहे.
“हां. पण कुणाकडे?”

पिएदादने रस्त्यापलीकडून विचारलं, दोन चहा?
मी तीन बोटं दाखवली.
तिचाही धरून.