हेलुनाची जागा

उर्पो सायकलवरून आला, मागे पत्र्याची पेटी,
पेटीत कोऱ्या चिठ्ठ्या, कानावर पेन्सिल.
फिनलंडच्या पूर्वेला रस्ता संपतो आणि नुसतं तळं उरतं,
तिथे सायमी राहते. वय तिनं सांगितलं नाही.
कोशाच्या कचेरीनं पाठवलंय, तो म्हणाला,
गडगडाटाला तुम्ही काय काय म्हणता?

म्हातारा, ती म्हणाली. उक्को. लाडानं उक्कोनेन.
आणि नवऱ्याला?
त्यालाही उक्कोच. तोही रात्रभर झोपू द्यायचा नाही.
उर्पोनं 'घोरणे' लिहिलं, मग खोडलं.

तो गडगडतो असं नाही म्हणत आम्ही,
तो चालतो.
लांब असला तरी चालतो, कौलावर आला तरी चालतोच,
पावलांवरून ओळखायचं.
माझ्या आजोळी तर त्याला नुसतं 'लांबुडका' म्हणत,
नाव टाळून उंची सांगावी तसं.

आमच्याकडे ढगात म्हातारी हरभरे भरडते,
हा इकडे पायी हिंडतोय, ती तिकडे जात्याशी;
दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही.
पण हे मी म्हणतोय. उर्पोच्या चिठ्ठ्यांत हे नाही.

दुपारी तळ्यापलीकडे आभाळ काळवंडलं.
सायमीनं चुलीची झडप लावली,
कात्री फडक्याखाली ठेवली,
आणि उत्तरं द्यायचं थांबवलं.
आता तो ऐकतोय, एवढंच म्हणाली.

वीज लखलखली.
मान्सिक्की, ती पुटपुटली, ओमेना,
            ,
मुस्तिक्की, किएलो –
आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

गाई आहेत, ती म्हणाली. वीज दिसली की मोजायच्या.
किएलोपर्यंत पोचलात तर तो अजून पाण्यापलीकडे.

ओमेनानंतर तुम्ही थांबलात. दम लागला?

दम नाही. हेलुना.
कुंपणाजवळच्या झाडाखाली उभी होती,
गवत कापायचे दिवस.
तिला वगळलं
तर तो एका गायीनं जवळ येईल ना.

चिठ्ठीवर तीन रकाने छापलेले: शब्द, अर्थ, प्रयोग.
उर्पोनं पहिला कोरा सोडला.
दुसऱ्यात लिहिलं: गाय, तांबडी, एक.
तिसऱ्यात दोन स्वल्पविराम, मधे बोटभर अंतर.

ही चिठ्ठी कुठल्या अक्षराखाली लावायची,
यावर कचेरीत पुढे दोन दिवस वाद चालला.