दुरुस्ती, कंपार्टमेंट ११२

यावलच्या कचेरीत मी एकतीस वर्षं जंगल काढलं.
पाहिलं त्यातलं चार वेळा,
त्यातही एकदा साहेबांचा डबा पोचवायला गेलो म्हणून.

बाकी सगळं मेजावरच.
ट्रेसिंगचं निळसर कापड, ड्रॉइंगची काळी शाई,
सागाचे कूप फिक्या हिरव्यात,
आणि लाकडाच्या ट्रकांचे रस्ते तुटक दुहेरी रेघेत,
मोजणीदाराच्या वहीतून उतरतील तसे.

एकोणऐंशीच्या मार्चअखेर
वहीतलं एक पान नव्हतं.
फिरके, उद्या नकाशे धुळ्याला जायचेत, साहेब म्हणाले.
अलीकडे सालईबर्डीचा डेपो,
पलीकडे मोर नदीचा उतार,
मध्ये बोटभर कोरं कापड.
चार इंचाला मैल. बोटभर म्हणजे पाऊण मैल फार तर.
मी वक्रपट्टी ठेवली आणि टोकं जोडली.
वळण असं सुरेख आलं
की शाई वाळेस्तोवर त्याच्याकडे बघत
कळण्याची भाकर खाल्ली.

पुढे तोड बंद झाली. डेपोत तरोटा माजला.
कापडावरून अमोनियाची प्रत निघाली,
प्रतीवरून प्रत,
मग कुणीतरी काचेवर पालथा घालून
नकाशा यंत्रात ओढून घेतला.
मी निवृत्त झालो. रेघ नोकरीत राहिली.

दिवाळीनंतर रझाक तडवी घरी आला,
लसीची जीप चालवतो तो.
फोन पुढे केला. काका, हा रस्ता कुठंय?
दोन बोटांनी चित्र ताणलं त्यानं,
आणि पडद्यावर उघडलं ते वळण,
जुन्या पावतीवर आपलीच सही दिसावी तसं.
पेटीतला बर्फ पाणी होईपर्यंत शोधला आम्ही,
तो म्हणाला. सिस्टर रडल्या.
मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार.

कचेरीत गेलो. संगणकावरचा पोरगा म्हणाला,
आजोबा, हा थर नागपूरहून येतो, अर्ज करा.
कापडावर चूक झाली तर
अर्ध्या ब्लेडनं खरवडायचो,
वर नखानं घोटून घेतलं की झालं.
इथं पातं टेकवायला जागाच नाही.

म्हणून पाचव्यांदा जंगलात गेलो, वय चौऱ्याहत्तर,
रझाकच्या जीपनं डेपोपर्यंत,
तिथून नानसिंग बारेलाच्या मागं.
नानसिंग ट्रकावर क्लीनर होता.
रस्ता होता, म्हणाला, पण तू काढला तठी नाही.
नाला ट्रकाला वळू देत नव्हता.
आम्ही वरून जायचो, अंजनाखालून, दुसऱ्या गिअरात,
पहिल्यात टाकलं की ड्रायव्हर शिव्या द्यायचा.
तो खाली बघतच नव्हता.
पायांनीच वाट ओळखत होता, घाटात ओळखतो तसा,
हा उतार, हा दगडांचा बांध, इथं डिझेल सांडायचं.
चाकोरीच्या दोन्ही खोबणींत
सागाचे फुटवे मांडीएवढे जाड.
एका बुंध्याने कमानपाटा गिळलेला, गंजका,
टोक तेवढं बाहेर.
खरा रस्ता माझ्या रेघेपुढे अगदीच कुरूप,
दोनदा मागं वळतो, एकदा स्वतःलाच छेदतो.

मग नानसिंगनं माझी जागा दाखवली.
पस्तीस हात कडा. खाली आग्या मोहळं.
माझी निब इथून अधांतरी गेली होती.
मी थोडा वेळ बसलो.
रझाकनं कड्याच्या अलीकडच्या दगडावर
चुन्याची मोठी फुली मारली
आणि बाण अंजनाकडे.

रात्री पाड्यावर, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला,
मी सगळं नव्यानं काढलं.
हात कापतो आता, पण
या रस्त्याला कापरी रेघच शोभली.
नानसिंगला वाचता येत नाही.
त्यानं कंदील जवळ ओढला, बोट हळूहळू सरकवलं,
दुसऱ्या वळणावर थांबवलं.
इथं गुण्याचा पाय ओंडक्याखाली गेला होता,
त्याला झोळीत न्यावं लागलं. ते काढ.

साग, नाला, बुरूज, विहीर, विश्रामगृह:
खुणांची सगळी यादी मला अजून पाठ आहे.
याला त्यात खूण नाही.
काढ ना, नानसिंग म्हणाला.
मी टाक बुडवला.