नाव काढलेल्यांची यादी

चर्चच्या मागच्या खोलीत, किटलीच्या बाजूला,
भिंतीवर चार टाचण्यांनी ठोकलेला एक कागद आहे.
आमच्या आडनावाची नामवंत माणसं:
पिंडर, एकूण सात.
कोपऱ्यावर कुणीतरी चहा सांडलाय.

ओबडाया पिंडर. यानं शेवाळाच्या एकतीस जाती ओळखल्या,
बायकोची हाक एकदाही नाही.
हे दुसरं कागदावर नाही, आमच्या घरात आहे.
हेस्टर पिंडर. युद्धात माणसं शिवली,
परत आल्यावर पडदे.
कर्नल ऑगस्टस. त्याच्या नावाची एक टेकडी
अशा मुलखात आहे, जिथं त्या टेकडीला
आधीपासून एक नाव होतं.
एक बिशप.
एक यष्टिरक्षक, ज्याची तीन बोटं मरेपर्यंत वाकडी.
एक हवामान वाचणारा, रेडिओवर, बहुतेक चुकीचं.
आणि लेटिस पिंडर, नवऱ्याला विष घातलेली.
तिच्यापुढं पेन्सिलीनं 'सिद्ध झालं नाही'
असं लिहिलंय, ते माझं अक्षर.

मी थर्झा ऑक्सटोबी.
चौतीस वर्षं स्केलथ्वेटचं टपाल वाटलं, चढावर सायकल ढकलत.
माहेरची पिंडर.

पिंडर म्हणजे कोंडवाडेवाला.
दुसऱ्याच्या ओटांत शिरलेली मोकाट गुरं
हाकत आणायची, गोल दगडी भिंतीआड घालायची,
मालकानं दंड भरला की सोडायची.
कोण प्रेम करणार असल्या माणसावर?
लोक नावं ठेवायचे.
त्यातलंच एक राहिलं.

ती भिंत अजून आहे, गल्लीच्या तोंडाशी.
आत खाजकुयलीसारखं अंगाला आग लावणारं रान,
आणि एक बाक, ज्यावर कुणी बसत नाही.

एका सप्टेंबरात टपालाच्या खिडकीशी
निळ्या सुटातला एक काळा म्हातारा आला.
बहामाहून. आयुष्यभर होड्या बांधलेला.
इथं कुणी पिंडर आहे का, म्हणाला.
होते, मी म्हटलं. तुम्ही?
सायप्रियन पिंडर, म्हणाला,
आणि माझा चेहरा काय करतो ते बघत राहिला.

चालता चालता सांगितलं त्यानं:
आजोबांच्या आजोबांचं नाव एका वहीत आहे,
एक खेचर आणि एक तांब्याची कढई
यांच्या मधल्या ओळीत.
वही कुठल्या पिंडरची, ते मला ठाऊक आहे.
तुमच्या कागदावर तो नसेल.
नाही, मी म्हटलं. मग म्हटलं, बघावं लागेल.

फाटक गंजलं होतं, दोघांनी मिळून ओढलं.
तो आत गेला, मधोमध उभा राहिला,
हॅट हातात घेऊन, चर्चमध्ये घेतात तशी नाही,
उन्हासाठी घेतात तशी.
दंड किती असायचा?
मेंढीला एक पेनी, मी म्हटलं, घोड्याला चार.
आणि माणसाला?
यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

त्यानं खिसे चाचपले, एक नाणं काढलं,
वर तारामासा कोरलेला,
आणि माझ्या तळहातावर ठेवलं.
पावती हवी, म्हणाला. हसत नव्हता.
मी पार्सलच्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलं:
मिळाले. सोडले.
खाली सही केली ती पिंडर अशी झाली.
तीस वर्षांत हात कधी तिकडं वळला नव्हता.
तेव्हा मात्र तो हसला, आणि मोठ्यानं.
चार दहाची बस आली, धुरळ्यासकट.

परवा किटली उकळेपर्यंत
मी कागदासमोर उभी होते, पेन्सिल घेऊन.
सातव्याखाली जागा आहे, एका ओळीची.
ओळ सुरू केली, स आणि त्याचा काना,
आणि हात थांबला.

पुन्हा एकदा, त्याला न विचारता?

खोडलं. थोडं राहिलंय, बारकाईनं पाहिलं तर दिसतं.
पत्ता आहे माझ्याकडं.
तिकीट किती लागतं तिकडं, ते मला कुणी सांगायला नको.