पहाटेचं माप

नागपुरात मे महिन्यात दुपारी लोखंड मोजू नये.
मायक्रोमीटरही फुगलेला, ब्लॉकही फुगलेला,
दोघं एकमेकांना सांभाळून खोटं बोलतात.
म्हणून वाडीच्या ट्रक टर्मिनलमागे
आमचं शटर पाचला वर जातं.

ब्लॉक रात्रभर उलटा, पोट आढ्याकडे.
सात मेन कॅप, चौदा बोल्ट.
गाडी रूपचंद ठवकरची,
वरूडचा संत्रा कळमन्याला ओढणारी.
हंगाम सरला, तेव्हा कुठे इंजिन उघडू दिलं त्यानं.

जुना बोल्ट नव्याशेजारी काचेवर उभा केला.
नखात अडकलेल्या मळाएवढा उंच.
रूपचंद वाकून पाहतो.
"एवढ्यानं काय होते बे?
आटे शाबूत आहेत ना. लावून दे."

आटे शाबूत आहेत.
अकरा वर्षांपूर्वी हे मीच म्हणालो होतो,
मुकीम उस्ताद कामठीला लग्नात असताना,
आणि ताणून सैलावलेले बोल्ट
पुन्हा तेवढ्याच जोरानं आवळले होते.
पान्याला काही कळत नाही.
तो ठरल्या आकड्यावर टक् म्हणतो.

कोंढाळीच्या पुढे क्रँकचे दोन तुकडे.
शालिक उईके दोन रात्री रस्त्याकडेला
मृगाचा माल राखत बसला,
माल त्याच्यासमोर सडला.
परत आला तो एक संत्रं घेऊन,
माझ्या बाकावर ठेवलं, आणि गेला.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

यावेळी बोल्टच नाहीत. स्टड.
ब्लॉकमध्ये ते हातानंच फिरवायचे,
बूड टेकलं की थांबायचं, पाना लावायचा नाही.
मग कॅप, वॉशर, आट्यांना तेल, नट.
मधल्या कॅपपासून बाहेर, तीन दमात.
बोल्ट आवळताना पिळलाही जातो, ताणलाही.
स्टडला फक्त ताण.

आवळून झालं, बोअर गेज आत सोडला.
काटा हलला.
दोन शतांश. भोक गोल राहिलं नव्हतं.

"मजबूत बसवलं तं बिघडलं काऊन?"

"बिघडलं नाही भाऊ.
पकड बदलली, कॅप दबली.
आता सातही भोकं एका रेषेत
पुन्हा कोरा लागते. चार दिवस."

रूपचंद तेलाच्या डब्यावर बसला.
मनात डिझेल, हप्ता, ड्रायव्हरचा पगार
असं काहीतरी जुळवत असावा.
मग खिळ्याकडे बोट करून विचारलं,
सुतळीला टांगलेला तो बोल्ट कशाचा?

उस्तादनं टांगलेला. ते गेले,
सुतळी मी दोनदा बदलली.

ओळंबा आहे, म्हटलं.

साडेआठ झाले. पत्रा कडकड करू लागला.
मायक्रोमीटर पुसून डब्यात ठेवला.
ब्लॉकवर ओलं पोतं नाही, कोरडं टाकलं
आणि शटर अर्धं खाली ओढलं.