सतरा नंबरचा चेहरा

मिरजेत, सतारवाल्यांच्या गल्लीत,
माळ्यावर भोपळे वाळत पडलेत
अन् खाली जाजमावर मी माझी पेटी उघडते:
बर्फ, चार नळ्या, संमतीचा कागद,
चोवीस अनोळखी चेहऱ्यांची चित्रं.

यासीन शिकलगार, वय अकरा.
उंबऱ्यातच त्यानं माझा हात धरला होता.
"मॅडम, जेवलासा का?
तुमच्या डायवरनं चहा नको म्हटलं, रुसलाय का त्यो?"
तीन वर्षं मी ज्याच्या मागच्या सीटवर बसते
त्याचं आडनाव मला माहीत नव्हतं.
याला पाच मिनिटांत कळलेलं:
दादू ऐनापुरे, दोन मुली, धाकटीला दमा.

सातव्या गुणसूत्राच्या एका प्रतीत
एक तुकडा नाही त्याच्याकडं.
सव्वीस-सत्तावीस जनुकं,
पोथी उतरवताना ओळ गळावी तशी गळालेली,
चूक कुणाचीच नाही.
त्यामुळं हृदयाजवळची नळी अरुंद,
त्यामुळं शेजारी मिक्सर लागला की कान झाकून रडणं,
त्यामुळं चार ठोकळ्यांचा चौकोन
नमुना समोर असूनही जुळत नाही.
आणि त्यामुळंच, बहुधा, हे हात धरणं.
(बहुधा. माझ्या धंद्यातला
सगळ्यात प्रामाणिक शब्द.)

पुण्याला माझ्या उंदरांत
त्यातल्या एका जनुकाची एकच प्रत ठेवलीय.
तीन खणांची पेटी. एका टोकाला रिकामी जाळी,
दुसऱ्या टोकाला जाळीत परका उंदीर.
साधे उंदीर हुंगतात, कंटाळतात, आपल्या कोपऱ्यात जातात.
माझे दहाव्या मिनिटालाही
आत्ताच पाहुणा आल्यासारखे धावतात.
आम्ही सेकंद मोजतो.

चित्रं दाखवते. प्रश्न एकच:
या माणसाजवळ जाशील का?
हो. हो. जाईन की. हो.
सतरावा चेहरा मुद्दाम निवडलेला,
भुवया आवळलेल्या, जबडा घट्ट,
शेकडो मुलांनी त्याला नाही म्हटलंय.
यासीन वाकून बघतो, खूप वेळ.
"ह्येची दाढ दुखतीया.
लवंग द्या की ओ कुणीतरी."

वडील तोवर बोलले नव्हते.
तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावत होते,
तारेखाली सुताचा धागा
केसभर पुढं, केसभर मागं.
मग म्हणाले, दिवाळीच्या आधी
टेसनावर कुणीतरी चल म्हटलं, ह्यो गेला.
दोन दिसांनी कुर्डुवाडीला घावला,
पायात चप्पल न्हाई, तारांचे पैसे गेलेले.
अजून इचारतो, त्यो मानूस बरा असंल का.

धागा सोडून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
"मॅडम, तुमच्या शास्त्रात
थोडी भीती घालता येती का पोरात?
लई नको. चिमूटभर."

संमतीच्या कागदावर या प्रश्नाला रकाना नव्हता.
मी, विश्रामबागेतल्या आरवाड्यांची वैजू,
पाहुणे आले की न्हाणीघराला आतून कडी लावायची.
माझ्यात ती पोतंभर होती
अन् माझं रक्त कुणी तपासलं नाही.
हुशार आहे, म्हणायचे. अबोल आहे.

अजून नाही, म्हटलं.
तार वाजली. त्यांनी मान हलवली,
तारेला की मला, कळलं नाही.

नळ्या बर्फात गेल्या. नाव नाही लिहायचं, नियम आहे:
मिरज चौदा.
गल्लीच्या तोंडापर्यंत तो गाडीमागं पळत,
"दादूचाचा, धाकटीला वाफ द्या!"
दादूनं आरशात पाहून हात केला.
मीही केला, जरा उशिरा.

आता पुण्यात कुठलंही मूल खुर्चीत बसतं,
सतरा नंबर समोर येतो,
मूल मागं सरतं, मी रकान्यात 'नाही' लिहिते.
शोधनिबंधात हे सांगायची सोय नाही,
पण ते चित्र उचलताना
अलीकडं मी अंगठा हळू टेकवते,
डाव्या गालापासून जरा लांब.